दुसऱ्याच्या भाषेतले गाणे

बेंगळुरू, म्हणजे पूर्वीचे बंगळूर, ही कर्नाटकाची राजधानी. राज्य कन्नड भाषकांचे असले तरी या शहरातील घराघरांत बोलली जाणारी भाषा मात्र एक नाही. २०११ च्या जनगणनेत बेंगळुरू शहर जिल्ह्यातील निम्म्याहून कमी लोकांनी आपली मातृभाषा कन्नड असल्याचे सांगितले होते. उरलेल्यांत तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी, मल्याळम आणि मराठी बोलणारे आहेत. यामागे जुना इतिहास आहे. केंपेगौडांनी सोळाव्या शतकात वसवलेली ‘पेटे’ ही व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची वसाहत होती. सतराव्या शतकात ती शहाजीराजांच्या जहागिरीत आली आणि तेथे मराठी कुटुंबे स्थायिक झाली. १८०९ मध्ये इंग्रजांनी जवळच लष्करी छावणी उभारली. छावणीबरोबर तमिळ भाषक शिपाई, व्यापारी आणि मजूर आले. पेटे आणि छावणी यांच्या नगरपालिकादेखील १९४९ पर्यंत वेगवेगळ्या होत्या. एकच गाव, पण त्याचे दोन कारभार.

इतक्या भाषा शेजारी नांदू लागल्या की त्यांतून स्नेह जुळतो आणि कधी वैरही उद्भवते. डिसेंबर १९९१ मध्ये कावेरीच्या पाणीवाटपाविषयीच्या अंतरिम निवाड्यावरून शहरात दंगल उसळली आणि तमिळ भाषकांच्या घरांवर व दुकानांवर हल्ले झाले. ऑक्टोबर १९९४ मध्ये दूरदर्शनच्या बंगळूर केंद्रावरून दहा मिनिटांचे उर्दू बातमीपत्र सुरू झाले, आणि तेवढ्या निमित्तानेही माणसे मारली गेली. अलसूर तलावाजवळ तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा १९९१ मध्येच बसवला होता. परंतु विरोधामुळे त्याचे अनावरण होऊ शकले नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्या कवीने माणसाने कसे वागावे एवढेच सांगितले, तो अठरा वर्षे आच्छादनाखाली उभा राहिला.

अशा भांडणांवर उपाय म्हणून सरकार बंदोबस्त ठेवते, न्यायालय निवाडा देते, मोहल्ल्यांतून शांतता समित्या बसतात. हे सर्व आवश्यक आहे. परंतु निवाडा झाला म्हणून दोन शेजारी पुन्हा एकमेकांच्या ओसरीवर बसू लागतात असे नाही. मन दुरावलेले असते, आणि मनापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. त्यासाठी या शहरात जन्मलेल्या एका माणसाने आयुष्यभर एक साधा मार्ग चोखाळला. तो मार्ग होता समूहगानाचा.

सलेम नंजुंदय्या सुब्बराव यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९२९ रोजी बेंगळुरू येथे झाला. लहानपणापासून त्यांना भजने गाण्याची आवड होती. १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन पेटले तेव्हा ते तेरा वर्षांचे शाळकरी विद्यार्थी होते. इंग्रजांनी चालते व्हावे, अशा घोषणा भिंतींवर लिहिल्याबद्दल पोलिसांनी त्यांना पकडले. पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. वकिली मात्र केली नाही. डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर यांच्या सांगण्यावरून ते सेवा दलाच्या कामात शिरले. डॉ. हर्डीकर हे धारवाडचे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या सीमेवर वाढलेल्या या डॉक्टरांनी १९२३ मध्ये हिंदुस्तानी सेवा दलाची स्थापना केली होती. स्वयंसेवकांच्या तुकड्या, कवायत, श्रमदान आणि सर्वांनी मिळून गायची गीते ही त्या दलाची शिस्त होती. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये पुढे ख्यातनाम झालेल्या गंगूबाई हनगल होत्या. ज्या बेळगावावरून पुढे मराठी आणि कन्नड भाषकांत एवढा तंटा झाला, त्या बेळगावाच्या आठवणींत हेही एक सामूहिक गाणे आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सुब्बरावांना सारा देश ‘भाईजी’ म्हणत असे. खादीचा सदरा आणि अर्धी चड्डी हा त्यांचा वेष शेवटपर्यंत बदलला नाही. १९६९ मध्ये गांधीजन्मशताब्दीनिमित्त देशभर फिरलेल्या ‘गांधी दर्शन’ रेल्वे प्रदर्शनाचे ते संचालक होते. त्यानंतर त्यांनी राष्ट्रीय युवा योजना सुरू केली आणि देशाच्या जवळजवळ प्रत्येक राज्यात तरुणांची शिबिरे भरवली. दिवसातला एक तास देहासाठी आणि एक तास देशासाठी द्यावा, असे ते तरुणांना सांगत. शिबिरात वेगवेगळ्या प्रांतांतील मुलेमुली काही दिवस एकत्र राहत. सकाळी व्यायाम, मग श्रमदान, भाषेचा वर्ग, चर्चा, सायंकाळी सर्वधर्म प्रार्थना असा दिनक्रम असे. आणि या सर्वांच्या मधूनमधून गाणे. लहान मुलांच्या शिबिरांत तर मुलांना स्थानिक कुटुंबांत राहायला पाठवीत. शक्य तो वेगळ्या भाषेच्या आणि वेगळ्या धर्माच्या घरी.

ही गाणी कशी शिकवली जात, हे समजून घेतले पाहिजे, कारण सारे मर्म त्या पद्धतीत आहे. पुढचा एक ओळ म्हणतो आणि मागचे सर्व जण ती उचलतात. मराठी माणसाला ही रीत नवी नाही. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, कीर्तनात बुवांमागे टाळकरी ध्रुपद धरतात. यात वाद्याचा किंवा वाचता येण्याचाही अडसर नाही. स्वरलिपी नको, पुस्तक नको. कान उघडे असले म्हणजे पुरे. पाश्चात्त्य वृंदगानात उंच आणि खालच्या पट्टीचे चार वेगवेगळे आवाज एकाच वेळी आपापली स्वरावली गातात, आणि त्यासाठी दीर्घ तालीम लागते. आपल्याकडील समूहगान बहुधा एकाच चालीवर चालते. मद्रासच्या एम. बी. श्रीनिवासन यांनी भारतीय भाषांतील गीतांना अनेक स्वररचनांची जोड देण्याचे काम मोठ्या हौसेने केले. १९८८ मध्ये लक्षद्वीपमध्ये मुलांना वृंदगान शिकवायला ते गेले असतानाच त्यांचे निधन झाले. परंतु शिबिरातील तीनशे अनोळखी मुलांना पहिल्याच सायंकाळी एकत्र गायला लावायचे असेल, तर एक चाल आणि सोपा ठेका हेच उपयोगी पडते.

आता खरी गोष्ट शब्दांची. समजा, गीत तमिळमध्ये आहे. मराठी मुलाला वाटते, आपल्याकडे ‘ळ’ आहे, आपल्याला हे सहज जमेल. परंतु ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी तमिळ माणूस जो वर्ण उच्चारतो, तो आपला ‘ळ’ नाही. जीभ मागे वळते, पण टाळूला टेकत नाही. दोनचार वेळा प्रयत्न करावा लागतो. हिंदी भाषक मुलाची तर आपल्या साध्या ‘ळ’शीच झटापट चाललेली असते. बंगाली मुलगी ‘अ’ म्हणायला जाते आणि तोंडातून ‘ओ’ येतो. सर्वांची फजिती होते, सर्व हसतात, आणि दुरुस्त कोण करणार? ज्याची ती भाषा आहे, तो. वर्गात मागे बसलेला, ज्याला हिंदी नीट येत नाही म्हणून कोणी विचारत नव्हते, असा एखादा मुलगा त्या घटकेपुरता सर्वांचा गुरू होतो. पुढच्या गीताला दुसरा कोणी. शिबिरातला मानाचा पाट असा फिरत राहतो.

येथे बारकाईने पाहण्यासारखा एक फरक आहे. १५ ऑगस्ट १९८८ पासून दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ हे गीत दाखवले जाऊ लागले. चौदा भाषांतील ते गीत एका पिढीच्या ओठांवर होते. त्याचा आरंभ पंडित भीमसेन जोशी यांच्या स्वराने होतो, ही गोष्टही बोलकी आहे. गदग जिल्ह्यातील या कन्नड गायकाने मराठी संतांचे अभंग घरोघरी पोहोचवले, आणि पुरंदरदासांची कन्नड पदेही तितक्याच प्रेमाने गायिली. परंतु त्या चित्रफितीत एकेका भाषेतली ओळ वेगवेगळे गायक गातात. इतरांनी ते ऐकायचे आणि पाहायचे. त्याने मन प्रसन्न होते, आपला देश केवढा आहे हे कळते. सुब्बरावांच्या ‘भारत की संतान’ या कार्यक्रमात मात्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील अठरा भाषांची गीते तरुण मंडळी एकत्र सादर करीत. ही संख्या १९९२ ते २००३ या काळातील. पुढे अनुसूचीत बावीस भाषा झाल्या. पंजाबी मुलगा कन्नड गात असे, मणिपुरी मुलगी मराठी. दुसऱ्याचे गाणे ऐकणे हा सौजन्याचा भाग झाला. ते आपल्या तोंडाने म्हणायचे तर त्याचे शब्द, त्याचा श्वास आणि त्याचा आघात आपल्या देहात उतरवावा लागतो. ज्याची भाषा ऐकताच कपाळाला आठी पडत होती, त्याच भाषेचा उच्चार नीट यावा म्हणून माणूस धडपडू लागतो. मनोमिलनाची सुरुवात अशा अगदी लहान धडपडीत असते.

ही पद्धत केवळ विद्यार्थ्यांच्या शिबिरांपुरती राहिली नाही. मध्य प्रदेशातील चंबळच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या दरोडेखोरी आणि खुनांचे वैर चालत आले होते. एका घराण्याने खून करायचा, दुसऱ्याने बीहडात जाऊन सूड उगवायचा, असा तो क्रम. १९६० मध्ये विनोबा भावे यांच्या पदयात्रेत वीस दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली. सुब्बराव याच खोऱ्यात येऊन राहिले. त्यांनी तरुणांची शिबिरे भरवली. दिवसा फावडी चालत आणि सायंकाळी प्रार्थना व गाणी होत. १९७० मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे त्यांनी महात्मा गांधी सेवा आश्रम स्थापन केला. १४ एप्रिल १९७२ रोजी याच जौऱ्यात, जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत, मोहरसिंग आणि माधोसिंग यांच्या टोळ्यांसह अनेक नामांकित दरोडेखोरांनी गांधीजींच्या प्रतिमेसमोर बंदुका ठेवल्या. अर्थात हे गाण्याने घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे जयप्रकाशांची प्रतिष्ठा होती, सरकारशी झालेल्या वाटाघाटी होत्या, फाशी होणार नाही असे आश्वासन होते. परंतु बेंगळुरूहून आलेला, शस्त्र न बाळगणारा एक माणूस त्या भागात वर्षानुवर्षे राहतो, गावच्या मुलांबरोबर माती उपसतो आणि संध्याकाळी त्यांच्यातच बसून गातो, यामुळे विश्वासाची जी जमीन तयार झाली, ती वाटाघाटींना उपयोगी पडली. शरण आलेल्यांच्या आणि त्यांच्या हातून मारल्या गेलेल्यांच्या, अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना त्याच परिसरात पुढचे आयुष्य काढायचे होते.

डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली आणि देशाच्या अनेक भागांत दंगली झाल्या. मुंबईने तर त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत फार सोसले. १९९३ च्या ऑक्टोबरात सुब्बरावांनी ‘सद्भावना रेल्वे यात्रा’ काढली. वेगवेगळ्या राज्यांतील आणि धर्मांतील तरुण एका रेल्वेगाडीत महिनोन्‌महिने राहिले. गाडी एखाद्या गावी थांबे, तरुण सायकली काढून गावात जात, सभा होत, सर्वधर्म प्रार्थना होई आणि रात्री ‘भारत की संतान’ सादर होई. डब्यात एकमेकांशेजारी झोपणे, एकाच नळावर तोंड धुणे, जेवणाच्या चवीवरून कुरकुर करणे, हेही त्या यात्रेचे शिक्षणच होते. गावकऱ्यांना दिसणारा कार्यक्रम तासाभराचा. पण गाणाऱ्यांना त्यासाठी दिवसाचे चोवीस तास एकत्र काढावे लागत.

एकत्र गाण्याने माणसे जवळ का येतात, याचा शोध अलीकडे शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखवले की, वृंदात गाणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची गती एकाच वेळी वाढते आणि एकाच वेळी कमी होते. त्याचे कारण अद्भुत वगैरे काही नाही. गीताची ओळ संपली की सर्वांना एकाच जागी श्वास घ्यावा लागतो, आणि श्वासाच्या लयीवर हृदयाची लय अवलंबून असते. २०१५ मध्ये इंग्लंडमधील प्रौढांच्या वर्गांचा सात महिन्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही वर्ग गायनाचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गायनाच्या वर्गातील अनोळखी माणसांत आपुलकी फार लवकर निर्माण झाली. मात्र सात महिन्यांनी पाहिले तेव्हा हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्गही त्याच पायरीवर येऊन पोहोचले होते. याचा अर्थ असा की, गाणे पहिला संकोच झटकन मोडते; पुढचा स्नेह सहवासाने आणि एकत्र कामानेच वाढतो. शिबिरात गाण्याच्या जोडीला श्रमदान का ठेवले होते, याचे उत्तर या अभ्यासात आपोआप मिळते.

महाराष्ट्राला तर एकत्र गाण्याची परंपरा शतकांची आहे. आषाढीच्या वारीत वीणेकरी, टाळकरी आणि मृदंगी यांच्यासह दिंडी चालते, तेव्हा हजारो पावले एका तालावर पडतात. ज्या विठ्ठलाला मराठी संतांनी आळवले, त्यालाच कर्नाटकातील हरिदासांनीही आळवले. पण याच परंपरेत समूहगानाची मर्यादाही लख्ख दिसते. संत चोखामेळा यांचे अभंग सर्व जातींचे वारकरी शतकानुशतके गात आले. चोखोबांची समाधी मात्र पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे आणि त्यांच्या समाजाला मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांचे शब्द आत जात होते, माणसे बाहेर उभी होती. साने गुरुजींना ही विसंगती सहन झाली नाही. मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांचे कलापथक गाणी गात गावोगावी जनमत जागवीत होते. शेवटी १ मे ते १० मे १९४७ या काळात गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा दार उघडले. गाण्यांनी लोकांची मने तयार केली. कुलूप निघायला मात्र उपोषण करावे लागले.

हेच साने गुरुजी एके काळी तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी तमिळ शिकून घेतली आणि तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरल’चा मराठी अनुवाद केला. पुढे त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली: प्रत्येक प्रांतातील तरुणांनी दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणी आणि माणसे ओळखावीत. सुब्बरावांची शिबिरे पाहताना या कल्पनेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कुडाळजवळच्या सोनवड्याचे संगीतकार वसंत देसाई यांनीही ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून शाळाशाळांतील हजारो मुलांना एकत्र गायला शिकवले. मात्र समूहगान हे हुकमाने करून घेण्याचे काम झाले की त्याची कवायत होते, हेही सांगितले पाहिजे. उन्हात ताटकळत उभ्या केलेल्या मुलांच्या तोंडून निघणारी देशभक्तिपर गीते ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे अधिक सांगायला नको.

जगात इतरत्रही या मार्गाचा अवलंब झाला आहे. बोस्निया देशाची राजधानी सारायेव्हो हिला १९९२ ते १९९६ अशी जवळजवळ चार वर्षे वेढा पडला होता. युद्ध थांबल्यावर, १९९६ मध्ये, ईवो मार्कोविच या ख्रिस्ती धर्मगुरूंनी तेथे ‘पोंतानिमा’ नावाचे वृंद सुरू केले. लॅटिन भाषेतील ‘पूल’ आणि ‘आत्मा’ या शब्दांवरून हे नाव घडवले आहे. त्यात कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मुसलमान, यहुदी आणि कोणताही धर्म न मानणारे असे सर्व जण आहेत आणि ते एकमेकांची धर्मगीते गातात. सुरुवातीला हे सोपे गेले नाही. ज्यांच्या तोफांनी आपली घरे पाडली, त्यांच्या प्रार्थना आपण का म्हणाव्यात, असा प्रश्न गाणाऱ्यांनाच पडला होता, आणि तो अयोग्य म्हणता येणार नाही. जेरुसलेममध्ये २०१२ पासून पॅलेस्टिनी आणि इस्रायली तरुणांचे एक वृंद अरबी, हिब्रू आणि इंग्रजी भाषांत गात आले आहे. तेथे गाण्याच्या तालमीला जोडूनच मोकळ्या चर्चेची बैठक होते. एकमेकांवरचे आरोप, दुःख, राग हे सर्व त्या बैठकीत बोलले जाते. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये राष्ट्रगीताचा प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने सोडवला. कृष्णवर्णीयांच्या लढ्यातले गीत आणि गोऱ्या राजवटीचे जुने राष्ट्रगीत यांचे भाग जोडून, पाच भाषांत, एकच राष्ट्रगीत तयार केले. दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या गीताचे शब्द उच्चारणे भाग पडले. दोन्हीकडच्या काहींना ते रुचले नाही, तरी ते आजही गायिले जाते.

गाण्याने माणसे जोडली जातात, तशी ती गाण्याने तोडलीही जातात, ही दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. युद्धावर निघालेल्या फौजाही एका सुरात गात असतात. मिरवणुकीतील वाद्ये कोणाच्या प्रार्थनास्थळासमोर वाजावीत, यावरून आपल्याकडे किती दंगली झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. बेंगळुरूमध्ये तर गाण्याची भाषा हाच वादाचा विषय झाला होता. १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चने लॅटिनऐवजी स्थानिक भाषांत उपासनेची मुभा दिली. मग या शहरात ‘स्थानिक भाषा’ कोणती? पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेले तमिळ ख्रिस्ती म्हणाले, आमची तमिळ; कन्नड ख्रिस्ती म्हणाले, कर्नाटकात कन्नड. देव एक, धर्मग्रंथ एक, बाकेही एकच. तरीही उपासना आणि गीते कोणत्या भाषेत व्हावीत यावरचा तंटा कित्येक वर्षे धुमसत राहिला. म्हणून समूहगानात गीत कोण निवडतो आणि पहिले गीत कोणाच्या भाषेतले असते, हा प्रश्न सुरांपेक्षा महत्त्वाचा ठरतो. बहुसंख्याकांचे गीत सर्वांनी म्हणावे आणि त्याला एकता म्हणावे, यात अल्पसंख्याकांना मनोमिलन दिसत नाही. त्यांना त्यात हुकूम ऐकू येतो. ‘भारत की संतान’मध्ये प्रत्येक भाषेला वाटा होता, आणि एका भाषेच्या वेळी इतर सर्वांनी शिष्य व्हायचे होते, हे त्याचे बळ होते.

९ ऑगस्ट २००९ रोजी बेंगळुरूमधील तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्यावरचे आच्छादन अखेर दूर झाले. तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांनी त्याचे अनावरण केले. चारच दिवसांनी, १३ ऑगस्टला, चेन्नईमध्ये कन्नड संतकवी सर्वज्ञ यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हा तोडगा देवाणघेवाणीचा होता आणि म्हणूनच तो टिकला. तरीही सप्टेंबर २०१६ मध्ये कावेरीच्या पाण्यावरून बेंगळुरूत पुन्हा जाळपोळ झाली आणि तमिळनाडूच्या क्रमांकाच्या बसगाड्या आगारात जळाल्या. नदीतले पाणी कमी झाले की जुनी भांडणे वर येतात. त्या पाण्याचे न्याय्य वाटप कोणतेही गाणे करू शकत नाही. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या अंतिम निकालानेच ते ठरले. वाटप ठरल्यानंतर त्याच गल्लीत शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांनी एकमेकांशी बोलायचे की नाही, हे मात्र निकालात लिहिलेले नसते.

सुब्बराव नव्वदी ओलांडल्यावरही शिबिरांना जात होते. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी जयपूर येथे वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. बेंगळुरूच्या या सुपुत्रावर अंत्यसंस्कार झाले ते जौऱ्याच्या आश्रमात. जेथे बंदुका खाली ठेवल्या गेल्या होत्या, त्या चंबळच्या गावात.